सचेतपटातील मरण आणि हाताचे श्रम

सचेतपटांतील मृत्यू आणि पुनर्जन्म या आशयसूत्राची चर्चा बहुधा दोन तयार परिभाषांत अडकते. एक कर्मसिद्धान्ताची, दुसरी स्वप्नमीमांसेतून आलेल्या अतिवास्तववादाची. दोन्हींत कथानकाचा अर्थ लावला जातो; अचेतन प्रतिमा मुळात हलते कशी, हा प्रश्न मात्र तंत्रज्ञांवर सोपवून समीक्षक मोकळा होतो. या कलाप्रकाराबाबत ही विभागणी घातक ठरते, कारण येथे मरून पुन्हा जन्मणे कथेत येण्याआधी कृतीतच घडलेले असते.

दादासाहेब फाळके यांचा ‘अंकुराची वाढ’ (१९१२) हा लघुपट या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. कुंडीत पेरलेला वाटाणा रुजतो, वर येतो, त्याचा वेल होतो. एवढाच त्याचा विषय. महिनाभर रोज एक चौकट टिपून सुमारे मिनिटभराचा हा पट सिद्ध झाला, असे सांगितले जाते. हा हिशेब जुळत नाही. सेकंदाला सोळा चौकटी धरल्या, तर तीस चौकटी दोन सेकंदही पुरणार नाहीत. मिनिटाला ९६० लागतील, म्हणजे दिवसाला बत्तीस. तरीही या कथेने पटाचे मर्म नेमके टिपले आहे. दाण्याचे कवच फुटणे, मूळ धरणे हे सारे कॅमेऱ्याची झडप मिटलेली असताना घडते. प्रेक्षकाला दिसतात ते फक्त थांबे. दाणा दाणा म्हणून संपतो तो दोन चौकटींमधल्या काळोखात. हा पट दाखवून मिळालेल्या कर्जाच्या आधारे पुढे ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) उभा राहिला. त्यातील रोहिदास ईश्वरी कृपेने उठतो, वाटाणा मात्र प्रतीक्षेने. इतिहासकारांनी पहिल्याला मान दिला, दुसऱ्याला भांडवल जमवण्याची युक्ती ठरवले. मृत्यूविषयी अधिक काही सांगतो तो दुसराच.

१९१५ साली फाळक्यांनी ‘आगकाड्यांची मौज’ केला. एमिल कोल याने १९०८ मध्येच काड्या हलवल्या होत्या, त्यामुळे प्रभावाची चर्चा लगेच सुरू होते आणि तेथेच संपते. कोलच्याच ‘फँटास्मागोरी’त (१९०८) मोडलेल्या रेषापुरुषाला सांधण्यासाठी चित्रकाराचे प्रत्यक्ष हात चौकटीत शिरतात, ही बाब अधिक महत्त्वाची. तेथे पुनर्जन्माला कर्ता आहे, आणि तो कारागीर आहे.

अचेतनात प्राण येण्याच्या कथा मराठी मनाला नव्या नाहीत. परभणी जिल्ह्यातील गंगाखेड हे संत जनाबाईंचे गाव. त्यांच्या गोवऱ्यांविषयी तंटा झाला तेव्हा ज्या गोवऱ्यांतून विठ्ठलनाम ऐकू आले त्या जनाबाईंच्या ठरल्या, अशी आख्यायिका आहे. ती चमत्कार म्हणूनच सांगितली जाते. परंतु तिच्यातील पुरावा पाहावा. नाम उमटले ते थापताना ओठांवर होते म्हणून. गोवरी ही जळण्यासाठीच घडवलेली वस्तू. चुलीत जाते तशी सरणावरही जाते. अशा वस्तूत चैतन्य येते ते पुन्हा पुन्हा पडलेल्या हातामुळे. फाळक्यांची काडीही जळण्यासाठीच बनलेली. कथा आणि पट यांत ऋणानुबंध सुचवण्याचे कारण नाही. मूल्यमापनाची एक कसोटी तेवढी येथून मिळते.

गीतांजली राव यांच्या ‘प्रिंटेड रेनबो’ला (२००६) ती लावून पाहता येते. करड्या शहरी घरात मांजरासह राहणारी वृद्धा आगपेट्यांवरील चित्रांच्या रंगीत जगात शिरते. कान महोत्सवाच्या समीक्षक-सप्ताहात पुरस्कार मिळवलेल्या या पटाचे कौतुक बहुधा ‘कल्पनारम्य सुटका’ म्हणून झाले. करडे म्हणजे कोंडी, रंग म्हणजे मुक्ती, हे समीकरण खरोखरच सोपे आहे; त्यापुरता पट दुर्बळ होतो. त्याला सावरते ती आगपेटी. काड्या संपल्यावर फेकून द्यायच्या वस्तूचे वेष्टन ही बाई जपते, आणि त्या छापील, हजारो प्रतींतल्या चित्रात हालचाल यावी म्हणून रावांना ते चौकटीगणिक नव्याने रंगवावे लागते. त्यांच्या ‘बॉम्बे रोज’ (२०१९) या पूर्ण लांबीच्या चित्रपटात चौकटी रंगवण्याचे हेच काम अनेक चित्रकारांच्या हातांत वाटले गेले. जनाबाईंची गोवरी नामावरून ओळखू आली होती. या चौकटी कानाशी धरल्या तर कोणाचे नाम ऐकू यावे, याचे उत्तर श्रेयनामावलीत सापडण्यासारखे नाही.