कादंबरीमाला आणि वाचकमताची संहिता

लोकप्रिय कादंबरीविषयी तिच्या नियमित वाचकांनी मांडलेल्या मतांकडे मराठी समीक्षेने सहसा दोनच दृष्टींनी पाहिले आहे. एक तर ती मते अभिरुचीच्या घसरणीचा पुरावा म्हणून पुढे केली जातात, नाही तर समाजशास्त्रीय पाहणीची सामग्री म्हणून कोष्टकात जाऊन बसतात. कादंबरीच्या रूपाविषयी त्या मतांना काही सांगावयाचे असू शकेल, ही शक्यता क्वचितच विचारात घेतली जाते. जूलिया क्विन या अमेरिकन लेखिकेच्या 'व्हेन ही वॉज विकेड' (२००४) या ऐतिहासिक प्रणयकादंबरीविषयी वाचकांत दीर्घकाळ चाललेला मतभेद या दृष्टीने उद्बोधक ठरतो. वरवर पाहता हा आवडीनिवडीचा वाद आहे. बारकाईने पाहिल्यास, वाद घालणारे वाचक एकाच संहितेविषयी बोलत आहेत काय, असा प्रश्न त्यातून उभा राहतो.

प्रणयकादंबरीच्या वाचकांना समीक्षेत गांभीर्याने बोलते केले ते जॅनिस रॅडवे यांच्या 'रीडिंग द रोमान्स' (१९८४) या ग्रंथाने. अमेरिकेतील एका गावाला 'स्मिथटन' असे कल्पित नाव देऊन तेथील ४२ वाचक स्त्रियांच्या प्रतिसादांचा त्यांनी अभ्यास केला. या स्त्रिया चांगली आणि फसलेली कादंबरी यांत काटेकोर भेद करीत होत्या आणि त्यांचे निकष परस्परांशी सुसंगत होते, हे रॅडवे यांनी दाखवून दिले. त्यांच्यातील काही जणी पुस्तक घेण्याआधी त्याचा शेवट उघडून पाहात. विद्यापीठीय वाचकाला ही सवय हास्यास्पद वाटेल. परंतु शेवट सुखान्त असणार हा या प्रकारातील करार आहे आणि करारावर सही करण्यापूर्वी तो वाचून घेणे यात गैर काही नाही. तथापि रॅडवे यांच्या विवेचनात मूल्यमापनाचा एकक म्हणजे एक पुस्तक. पुस्तक मिटले की करार पुरा झाला. कादंबरी एखाद्या मालेचा भाग असेल तर काय होते, हा प्रश्न त्या विवेचनाच्या केंद्रस्थानी नाही. आणि येथे तर तोच कळीचा आहे.

क्विन यांच्या कादंबरीमालेत आठ कादंबऱ्या आहेत. 'द ड्यूक अँड आय' (२०००) ही पहिली, 'ऑन द वे टू द वेडिंग' (२००६) ही शेवटची. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील इंग्लंड, ब्रिजर्टन हे आठ भावंडांचे खानदानी कुटुंब आणि प्रत्येक भावंडाच्या विवाहाची एक कादंबरी, अशी ही योजना. भावंडांची नावे रोमन वर्णमालेच्या क्रमाने ठेवलेली आहेत. म्हणजे मोजणी या कुटुंबाच्या नामकरणातच आहे. या वळणाच्या कादंबऱ्यांना 'रीजन्सी' म्हणण्याचा प्रघात असला तरी तो राज्यप्रतिनिधीचा काळ १८२० मध्ये संपला, आणि प्रस्तुत सहाव्या कादंबरीचा मुख्य भाग १८२४ मध्ये घडतो. वाचकांना याचे सोयरसुतक नाही. त्यांच्या लेखी 'रीजन्सी' हे कालखंडाचे नाव राहिले नसून एका संकेतव्यवस्थेचे झाले आहे.

कथानक थोडक्यात असे. मायकेल स्टर्लिंग हा छंदीफंदी म्हणून ख्यात असलेला तरुण फ्रान्सेस्का ब्रिजर्टनच्या प्रेमात पडतो, तेव्हा तिचा विवाह अगदी तोंडावर आलेला असतो. आणि तोही त्याच्याच चुलतभावाशी, जॉनशी. विवाहानंतर दोन वर्षांनी एके संध्याकाळी डोके दुखते म्हणून जॉन पडून राहतो, पत्नीला फिरावयास नेण्यास मायकेललाच सांगतो, आणि झोपेतच मरण पावतो. फ्रान्सेस्का तेव्हा गरोदर असते; पुढे तिचा गर्भ पडतो. त्यामुळे अर्ल हा किताब, जमीनजुमला आणि घर हे सर्व वारसाहक्काने मायकेलकडे येते. तो हिंदुस्थानात निघून जातो आणि चार वर्षांनी परततो, तेव्हा फ्रान्सेस्काने पुनर्विवाहाचा निश्चय केलेला असतो. कारण एकच : तिला मूल हवे आहे.

क्रमशः प्रसिद्ध होणारी कादंबरी आणि कादंबरीमाला यांतील भेद येथे ध्यानात घ्यावयास हवा. हरि नारायण आपट्यांच्या कादंबऱ्या 'करमणूक'मधून क्रमशः येत, तेव्हा वाचक शेवटाची वाट पाहात असे. मध्यंतरी त्याचे जे काही मत होई ते अपुऱ्या कृतीविषयीचे मत असे. नाथमाधवांच्या स्वराज्यविषयक कादंबऱ्यांची गोष्ट वेगळी. तेथे इतिहासच माला ओवतो आणि पुढे काय होणार हे वाचकाला बखरीवरून, पोवाड्यावरून ठाऊक असते. क्विन यांच्या मालेत प्रत्येक कृती स्वतंत्रपणे पूर्ण आहे. अपूर्ण राहते ते कुटुंब. एका पुस्तकाची नायिका पुढच्या पुस्तकात दिवाणखान्यातील गृहिणी होऊन येते, तिच्या मांडीवर मूल असते. विवाहाने झालेला शेवट पुढील पुस्तकांत असा वारंवार प्रमाणित होत राहतो. स्वतंत्र कादंबरीचा वाचक शेवटानंतर मत बनवतो. मालेच्या वाचकाचे मत मात्र दोन शेवटांच्या मध्ये येते, आणि त्या जागी लेखिका अद्याप लिहीत असते.

या मालेचा अभ्यस्त वाचक सहाव्या कादंबरीकडे येतो तो काही गोष्टी जाणून. फ्रान्सेस्का आधीच्या पुस्तकांत फारशी दिसत नाही. ती विधवा आहे एवढे मात्र चौथ्या कादंबरीतच कळलेले असते. त्यामुळे प्रस्तुत कादंबरीचे आरंभीचे भाग, ज्यांत जॉन आणि फ्रान्सेस्का यांचा सुखी संसार दिसतो, हा वाचक मृत्यूच्या छायेत वाचतो. सुट्या वाचकाला जॉनचा मृत्यू धक्का देतो. मालेच्या वाचकाला तो पानापानांवर दिसत असतो. या आरंभाविषयी वाचकांत उघड दुफळी आहे. नायक नसलेल्या पुरुषाशी नायिकेचे प्रेम एवढे खरे दाखवावयाचे कशाला, अशी एका पक्षाची तक्रार. पुढच्या प्रेमाला वजन येते ते यामुळेच, हे दुसऱ्या पक्षाचे उत्तर. दुसरा पक्ष समीक्षादृष्ट्या अधिक बरोबर आहे. प्रणयकादंबरीचा रूढ संकेत पहिला विवाह असला तर तो दुःखाचा, निदान कोमट ठेवतो, म्हणजे दुसरे प्रेम हेच पहिले ठरते. क्विन यांनी तो संकेत मोडला आणि मायकेलच्या अपराधभावनेला आधार मिळवून दिला. चुलतभावाचे सर्व काही आपल्याला मिळाले, आता उरली ती त्याची पत्नी, हे त्याचे शल्य मानसशास्त्रीय असण्याआधी वारसाकायद्याचे आहे. संपूर्ण कादंबरीत इतिहास खऱ्या अर्थाने कोठे काम करीत असेल तर तो येथे. पोशाख, बग्ग्या, नृत्यसमारंभ हा सारा देखावा. ज्येष्ठ पुरुषवारसाचा नियम मात्र कथानकाचा कणा आहे.

हिंदुस्थानाविषयी असे म्हणता येत नाही. मायकेलची तेथील चार वर्षे म्हणजे केवळ अंतर, आणि परतताना बरोबर आणलेला हिवताप. कंपनीच्या राज्यातील एका संपूर्ण भूभागाला कादंबरीत एवढीच भूमिका आहे : नायकाला दूर ठेवणे आणि पुढे त्याला आजारी पाडून नायिकेच्या शुश्रूषेखाली आणणे. नियमित वाचकांच्या मतांत या गोष्टीचा उल्लेख विरळाच आढळतो. ज्या संकेतव्यवस्थेत त्यांचे वाचन चालते, तिच्यात वसाहत हा प्रश्नच नसतो. स्टॅन्ली फिश ज्याला अन्वयार्थक समुदाय म्हणतात त्याचे सामर्थ्य या मतांत दिसते तसे त्याचे अंधत्वही दिसते, ते असे.

उत्तरार्धातील शृंगाराची पुनरावृत्ती, फ्रान्सेस्काची लांबलेली द्विधा मनःस्थिती यांविषयीच्या तक्रारी नेहमीच्याच आहेत. त्यांत तथ्यही आहे. पण वादाचा गाभा अपत्यहीनतेचा आहे. फ्रान्सेस्का पुनर्विवाहास प्रवृत्त होते ती मुलाच्या इच्छेने, आणि कादंबरी संपते तेव्हा तिला मूल झालेले नाही. होईल की नाही हेही सांगितलेले नाही. ज्या हेतूने कथानक चालू झाले तो हेतू मागे पडतो, आणि ज्याला ती साधन समजत होती ते प्रेमच साध्य होऊन बसते. वोल्फगांग इझर यांच्या परिभाषेत ही रिक्त जागा आहे, आणि ती हेतुपूर्वक राखलेली दिसते. अपत्यावाचून शेवट सुखाचा होऊ शकतो, हे म्हणण्याचे धाडस तिच्यात आहे. आणि या प्रकारात ते लहान नव्हे.

अनेक वाचकांना ते पचले नाही. त्यांना भाबडे ठरवणे सोपे आहे, परंतु चूक ठरेल. केवळ ही एक कादंबरी वाचणाऱ्याला नायिकेची अपत्यहीनता ही अनेक दुःखांपैकी एक दुःख वाटेल. मालेच्या वाचकाला ती उणीव म्हणून दिसते, कारण तिच्या चहूबाजूंनी भावंडांची मुले वाढत आहेत. प्रत्येक शेवट पुढे मुलांच्या रूपाने प्रमाणित होत असताना एकच शेवट तसा होत नाही. मोजणीत एक घर रिकामे राहते. 'पुढे तिचे काय झाले?' हा प्रश्न या अर्थाने मालेच्या रूपाचे अचूक वाचन आहे. भावविवशता त्यात आहेच, पण ती त्या वाचनावर उभी आहे.

क्विन यांनी या प्रश्नाला उत्तर दिले. वाचकांच्या मागणीला प्रतिसाद म्हणून त्यांनी आठही कादंबऱ्यांना 'दुसरे उपसंहार' लिहिले. ते २०१३ मध्ये एका संग्रहात एकत्र आले आणि नंतरच्या आवृत्त्यांत मूळ कादंबऱ्यांच्या शेवटी जोडले गेले. फ्रान्सेस्काच्या दुसऱ्या उपसंहारात ती अखेर गर्भवती होते. लेखन म्हणून हा भाग दुबळा आहे. अपत्याच्या आशेने दरमहा होणारा निरास त्यात जेथे येतो तेथे तो खरा वाटतो. पण त्यावरचा तोडगा बक्षिसासारखा येतो, आणि बक्षीस मिळताच आधीचे दुःख परीक्षेच्या पातळीवर उतरते. ज्या वाचक स्त्रियांनी मूळ शेवटात स्वतःचे न भरलेले घर ओळखले होते, त्यांच्या दृष्टीने ही भरपाई म्हणजे काढून घेणे होते. पण ज्यांना फ्रान्सेस्काच्या प्रदीर्घ प्रतीक्षेत आपली प्रतीक्षा दिसली, त्यांच्यासाठी कादंबरी पुरी झाली ती येथेच. दोन्ही पक्ष अनुभवाच्या प्रामाणिकपणावर हक्क सांगतात, आणि तो हक्क कोणालाच नाकारता येत नाही.

नाकारता येण्यासारखी आहे ती त्यामागची समजूत : दोघींच्या हातात एकच पुस्तक आहे ही. २००४ च्या आवृत्तीचा वाचक आणि जोड दिलेल्या आवृत्तीचा वाचक यांच्यासमोर दोन भिन्न अर्थव्यूह आहेत. प्राचीन ग्रंथांच्या बाबतीत पाठभेद आणि प्रक्षेप यांचा काटेकोर विचार करणारी आपली विद्यापरंपरा समकालीन लोकप्रिय पुस्तकाच्या बाबतीत मुखपृष्ठ सारखे दिसले की संहिताही एक मानून मोकळी होते. येथे प्रक्षेप लेखिकेनेच केलेला आहे, हे खरे. पण त्याची प्रेरणा वाचकमतात आहे, म्हणून त्या मताला संहितेबाहेरची टीका म्हणता येत नाही. ते संहितेच्या एका थराचे कारण आहे.

पुढे या दोन संहितांचा सामना उघड्यावर झाला. या मालेवर आधारित दूरचित्रमालिका नेटफ्लिक्सवर २०२० च्या डिसेंबरात सुरू झाली. २०२४ मध्ये प्रदर्शित झालेल्या तिच्या तिसऱ्या पर्वाच्या अखेरीस मायकेलच्या जागी मायकेला ही स्त्री अवतरली आणि फ्रान्सेस्काचे दुसरे प्रेम स्त्रीविषयी असणार हे सूचित झाले. त्यावर उठलेल्या वादळात स्त्री-स्त्री प्रेमाविषयीचा निव्वळ तिरस्कार होता. तो समीक्षेचा विषय नाही. परंतु त्याबरोबरच दोन गंभीर आक्षेपही होते. वारसाहक्काने सर्व मिळाल्याची टोचणी आता कशी राहणार, हा एक. त्यावर काही वाचकांनी, अनेक जुने स्कॉटिश किताब स्त्रीलाही वारशाने मिळू शकत, असे सांगितले. ते बरोबर आहे, पण कथेतील अपराधभाव नियमाच्या शक्यतेवर चालत नाही, सक्तीवर चालतो. दुसरा आक्षेप अपत्यहीनतेचा. गर्भ न राहण्याचे दुःख केंद्रस्थानी असलेली दुर्मिळ प्रणयकथा आपल्याकडून घेतली जात आहे, असे कित्येकींनी म्हटले. त्याच वेळी, समलिंगी प्रेमाला ऐतिहासिक प्रणयकथेत सुखान्ताचा हक्क मिळत आहे, याचा आनंद इतर वाचकांनी व्यक्त केला. क्विन यांनी बदलाला पाठिंबा देणारे निवेदन केले; फ्रान्सेस्काचे जॉनवरील प्रेम पडद्यावर खरे दिसावे, असा आपला आग्रह असल्याचे त्यांनी त्यात सांगितले. म्हणजे लेखिकेच्या लेखी कादंबरीचा कणा आरंभीच्या त्या वादग्रस्त प्रकरणांत आहे, शेवटात नव्हे.

आक्षेप घेणाऱ्या वाचकांनी अपत्यहीनतेची कथा म्हणून कोणत्या शेवटाचा कैवार घेतला, हे मात्र तपासण्यासारखे आहे. ज्यांनी मूळ शेवट मनात धरला, त्यांच्या कथेत मूल नाही आणि मुलावाचून प्रेम पुरेसे आहे. ही कथा मायकेला असतानाही सांगता येते, किंबहुना अधिक तीव्रतेने सांगता येईल. ज्यांनी दुसरा उपसंहार मनात धरला, त्यांच्या कथेत प्रतीक्षेला फळ येते, आणि ती कथा मात्र या बदलात खरोखर हरवते. दोघीही एकाच नावाने एकाच नायिकेचा पक्ष घेत होत्या. कोणत्या आवृत्तीतील फ्रान्सेस्का, हे त्यांना कोणी विचारले नाही.