कॉर्नेलची टेप

दुसऱ्या सत्राच्या सुरुवातीलाच गिटारवादक-गायक बॉब वेअर माइकवरून लोकांना विनवतो. सगळ्यांनी एकेक पाऊल मागे सरा, पुढचे लोक चेंगरताहेत. गर्दी जराशी हलते, गलका होतो, पुन्हा तीच विनवणी. एखाद्या रेकॉर्ड कंपनीच्या हाती हे पडलं असतं तर ही मिनिट-दोन मिनिटं तिने बिनदिक्कत कापली असती. चाहत्यांनी मात्र ती जपली आणि कॅसेटच्या कव्हरवर, गाण्यांच्या यादीत, ‘टेक अ स्टेप बॅक’ अशी तिची रीतसर नोंद केली. ग्रेटफुल डेड या अमेरिकन रॉक बँडचे चाहते टेपकडे कसं बघत, ते एवढ्यावरून कळावं. त्यांना निवडक काही नको होतं. ती अख्खी रात्र हवी होती.

रात्र ८ मे १९७७ची, रविवारची. न्यूयॉर्क राज्यातलं इथाका गाव, तिथल्या कॉर्नेल विद्यापीठाचा बार्टन हॉल. मुळात कवायतीसाठी बांधलेली ही अवाढव्य दगडी इमारत, म्हणजे आवाज घुमायला आयतीच जागा. मे महिना असून त्या रात्री तिथे बर्फ पडला. पण टेपवर या घुमणाऱ्या दगडी पोकळीचा मागमूस नाही. याचं श्रेय बेटी कँटर-जॅक्सन यांचं. सभागृहातल्या स्पीकरसाठी जे मिक्स होई त्यावर विसंबून न राहता त्या टेपसाठी आपलं वेगळं मिक्स करत आणि नाग्रा रेकॉर्डरवर ते उतरवत. फिल लेशचा बास इथे नुसता घुमत नाही, त्याचा एकेक स्वर सुटा ऐकू येतो. दोन ड्रमर असूनही त्यांची खिचडी होत नाही. किथ गॉडशॉचा पियानो गिटारींच्या मधल्या फटीतून डोकावत राहतो. बेटींच्या टेपांसाठीचे ‘बेटी बोर्ड’ हे शब्द चाहते घराण्याचं नाव घ्यावं तशा आदराने उच्चारतात, ते उगीच नाही.

या टेपांची पुढची कहाणी मात्र करुण आहे. बेटीबाईंवर वाईट दिवस आले, साठवणीच्या गाळ्याचं भाडं थकलं आणि १९८६मध्ये त्यांच्या शेकडो रिळांचा लिलाव झाला. बँडने ती सोडवून घेतली नाहीत. रिळं गेली परक्यांच्या हाती. त्यातल्या काहींच्या प्रती निघाल्या आणि १९८७च्या सुमारास कॉर्नेलची रात्र चाहत्यांत पसरू लागली. तोवर लोकांकडे होत्या त्या प्रेक्षकांत बसून केलेल्या टेपा, टाळ्या-शिट्ट्या आणि शेजाऱ्याच्या गप्पांसकट.

पसरण्याची रीतही बघण्यासारखी होती. पैसे घ्यायचे नाहीत, हा पहिला आणि शेवटचा नियम. ज्याला प्रत हवी त्याने कोऱ्या कॅसेटी आणि परतीचं टपाल पाठवायचं. ज्याच्याकडे काहीच नाही अशा नवख्याला जुन्या माणसाने पहिली टेप फुकट भरून द्यायची. प्रतीवरून प्रत काढली की पिढीगणिक सूं वाढते आणि झांजेची चमक मरते. शिवाय यंत्राचा वेग किंचित इकडचा तिकडे झाला की अख्खा बँड चढा नाहीतर उतरा वाजू लागतो. म्हणून कव्हरवर गावाच्या आणि तारखेच्या जोडीला पिढीचा आकडाही लिहायचा. खोटा आकडा लिहिणाऱ्याची पत जाई. मूळ प्रतीवरून चारजणांनी घ्यायची, त्या प्रत्येकाने आणखी चौघांना द्यायची, या वाटपाला ते ‘टेप ट्री’ म्हणत.

बँडचं धोरणही हळूहळूच घडलं. सुरुवातीला माइक लपवून आत न्यावे लागत, आणि पकडलं गेलं तर वायर कापली जाण्याचीही भीती असे. बँडचा प्रमुख गिटारवादक गार्सिया याचं स्वतःचं मत मात्र साधं होतं: आमचं वाजवून झालं, आता ते तुमचं. शेवटी माइकच्या काठ्यांचं रान एवढं माजलं की मिक्सरवर बसलेल्या माणसाला स्टेज दिसेना. तेव्हा १९८४मध्ये टेप करणाऱ्यांसाठी त्याच्या पाठीमागे वेगळी जागा आणि वेगळी तिकिटं सुरू झाली. यात तोटा कोणाचा झाला? या बँडचं एकच गाणं अमेरिकेतल्या पहिल्या दहांत गेलं, ‘टच ऑफ ग्रे’, तेही १९८७मध्ये, म्हणजे वाजवायला लागून वीसहून अधिक वर्षं झाल्यावर. रेडिओच्या भरवशावर न राहताही कार्यक्रमांना गर्दी लोटत होती. जाहिरातीचं काम या कॅसेटी करत होत्या.

आपल्याकडच्या संग्राहकांचा बाणा बहुधा उलटा. खासगी मैफलीचं स्पूल कपाटात, कपाटाची किल्ली खिशात. ऐकायला येणाऱ्याला चहा मिळेल, कॉपी मिळणार नाही. केसरबाई केरकरांसारख्या गायिकेने ध्वनिमुद्रणाबाबत कडक राहावं, यातला कलावंताचा मान मला समजतो. संग्राहकाचा कंजूषपणा नाही समजत.

आता मूळ ऐवजाकडे. पहिलं सत्र चांगलं आहे, पण फार थांबावं असं त्यात थोडंच. ‘डान्सिंग इन द स्ट्रीट्स’मधला डिस्कोचा रंग काहींना खटकतो, मला तो मजेचा वाटतो, एवढंच. खरी मौज दुसऱ्या सत्रात, ‘स्कार्लेट बिगोनियाज’ आणि ‘फायर ऑन द माउंटन’ या जोडीत. पहिलं गाणं अकराएक मिनिटांचं, दुसरं पंधराच्या पुढे, आणि मध्ये कुठेही थांबणं नाही. ही जोडी तेव्हा नवीकोरी होती. दोन गाणी एकापाठोपाठ वाजवायला लागून दोन महिनेही झाले नव्हते. कशातून कशात जायचं हे बँडला ठाऊक आहे, पण वाट अजून मळलेली नाही. नेमका तो काळ या टेपने पकडला.

‘स्कार्लेट’चे शब्द संपतात तिथून पुढे ऐकावं. बँडची गायिका डोना गॉडशॉ शब्दांवाचून स्वर लावते. गार्सिया लहान लहान तुकडे टाकतो, एक अर्धवट सोडतो, दुसरा उचलतो. लय डुलती आहे, घाई कुणालाच नाही. मग कधीतरी लेशच्या बासखाली जमीन बदलते. तो पुढच्या गाण्याची घुटमळती चाल धरतो आणि वरचे लोक काही वेळ आधीच्याच गाण्यात रमलेले राहतात. खाली एक गाणं, वर दुसरं, अशी ती मिनिटं. सांधा नेमका कुठे पडला ते बोट ठेवून सांगता येत नाही. मी टेप मागे नेऊन नेऊन पाहिली आहे. ख्याल ऐकणाऱ्याला ही जागा लगेच भावेल, कारण विलंबितातून मध्यलयीत कधी आलो ते न कळू देणारे गवई त्याने ऐकलेले असतात.

‘फायर’ला उभं राहायला दोनच कॉर्ड आहेत, बी आणि ए. चाल दोन ड्रमरांपैकी मिकी हार्टची; याच हार्टने उस्ताद अल्लारखाँच्या तबल्याचा ध्यास घेतला आणि पुढे झाकीर हुसेन यांच्याबरोबर बरंच काम केलं. दोन कॉर्डवर पंधरा मिनिटं काढायची तर बढतीची अक्कल लागते. गार्सियाने गिटारला असं उपकरण जोडलंय की तार जोरात छेडली तर स्वर तोंड उघडल्यासारखा ‘वा’ करतो आणि हलकी छेडली तर मिटलेला राहतो. त्यामुळे बोटांचा जोर हाच त्याचा उच्चार होतो. कडव्याकडव्यांमधल्या सोलोत तो आधी सगळं मिटलेलं ठेवतो. पुढचा सोलो अर्धा उघडतो. शेवटच्यात स्वर वर चढत जातात तेव्हा हा उघडण्याचा ऐवज शिल्लक असतो, आधी उधळलेला नसतो. बरेच गिटारवाले पहिल्याच फेरीत खिसा रिकामा करतात.

‘मॉर्निंग ड्यू’ ही वेगळ्याच जातीची चीज. कॅनडातल्या बॉनी डॉब्सन हिचं हे गाणं अणुयुद्धानंतर उरलेल्या दोन माणसांचा संवाद आहे. बँड ते अतिशय धिम्या लयीत घेतो. शेवटच्या वादनात गार्सिया आवाज इतका खाली आणतो की टेपची सूं त्याला गाठते, आणि तिथून पुन्हा चढतो. टोकाला पोचताना एकेरी स्वर सोडून तारांवर हात नुसता थरथरवत ठेवतो; लेश खालून मोठमोठे ठोके देतो, दोन्ही ड्रम अंगावर येतात. त्यानंतर फक्त शेवटची ओळ येते, गाणारा आवाज काहीसा दमलेला असतो, आणि झालं. अशा वेळी माझ्या मनातला सगळा चिकित्सकपणा गळून पडतो.

ही त्यांची सर्वांत श्रेष्ठ रात्र होती का? चाहत्यांच्या कौलांत ती वर्षानुवर्षं अग्रभागी राहिली. २०१२मध्ये लायब्ररी ऑफ काँग्रेसने तिची राष्ट्रीय ध्वनिमुद्रण नोंदवहीत निवड जाहीर केली, आणि गंमत अशी की तेव्हा ही टेप अधिकृतपणे बाजारात आलीच नव्हती. ती आली २०१७मध्ये. जाणकारांपैकी काही दुसऱ्या दिवशीच्या, म्हणजे ९ मेच्या बफेलोच्या कार्यक्रमाला झुकतं माप देतात, आणि त्या रात्रीच्या सुरुवातीला सलग वाजलेली गाणी ऐकून मीही डळमळतो. कॉर्नेल एवढं गाजलं ते फक्त वादनाने नाही. स्वच्छ टेप होती, ती फुकट वाटली गेली, आणि नवख्याच्या हाती बहुतेकदा पहिली तीच पडली. पहिल्या प्रेमाचा कौल मोजणीत कसा वजा करणार? या कौतुकाला वैतागलेल्यांनी तर कॉर्नेलचा कार्यक्रम कधी झालाच नाही, सगळा सरकारी बनाव आहे, अशी थट्टाही चालवली.

‘ड्यू’नंतर एन्कोअर येतं, ‘वन मोअर सॅटर्डे नाइट’. वार रविवार. वेअर जोरात गातो, लोक खूश. मी बहुतेक वेळा त्याआधीच टेप बंद करतो. पण कॉपी भरून देताना ते वगळायची माझी छाती नाही.