काहीच न करायला पाच वर्षं

'रिस्टोरेशन' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर रंगरंगोटी केलेला चकाचक वाडा येतो. स्कॉटलंडमधलं न्यूहेल्स पाहिलंत तर हा समज मोडेल.

एडिनबरोजवळचं हे घर जेम्स स्मिथ या वास्तुकाराने १६८६ मध्ये स्वतःसाठी बांधलं. १७०९ मध्ये ते डॅलरिंपल घराण्याकडे गेलं आणि वाढत गेलं. नॅशनल ट्रस्ट फॉर स्कॉटलंडने १९९७ मध्ये ते ताब्यात घेतलं तेव्हा ठरवलं : गरजेपुरतंच करायचं, आणि तेही शक्य तितकं कमी. विटलेले पडदे विटलेलेच राहिले. ग्रंथालयातली पुस्तकं आधीच नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडमध्ये गेली होती. ती रिकामी फडताळं दिखाऊ पुस्तकांनी भरली नाहीत. हा प्रामाणिकपणा मला फार आवडतो.

पण इथेच माझा आक्षेपही आहे. घर लोकांसाठी खुलं झालं २००२ मध्ये. म्हणजे 'काहीच केलेलं नाही' असं दिसायला पाच वर्षं लागली! झीज आहे तिथेच थांबवणं हेही कामच. पण ते डोळ्यांना दिसत नाही, आणि बघणाऱ्याला वाटतं, हे सगळं काळानेच केलंय.

आता त्याच ट्रस्टची दुसरी वास्तू बघा. ईस्ट किलब्राइडजवळचं किटोकसाइड, म्हणजे रीड कुटुंबाने पिढ्यान्‌पिढ्या कसलेली शेती, अठराव्या शतकातलं घर आणि गोठे. आज ते ग्रामीण जीवनाच्या राष्ट्रीय संग्रहालयाचा भाग आहे. तिथे शेती चालते ती १९५० च्या दशकातल्या पद्धतीने. का? तर घोडा जाऊन ट्रॅक्टर येण्याचा तो काळ. बाकीची दशकं त्यामुळे मागे पडतात, हे खरंच. पण निवड उघड आहे, कारणही उघड आहे, म्हणून तिच्याशी भांडता येतं.

न्यूहेल्स जास्त सुंदर असेल, पण पद्धत म्हणून माझं मत किटोकसाइडला.

हे सगळं तुम्हाला का सांगतोय? सिनॉप्सिसमध्ये आपण बिनदिक्कत '१८१८ ते १८५७' असा कालखंड टाकतो, जणू तो आभाळातून पडलाय. तो तुम्ही निवडलेला असतो. १८१८ च का, त्याने काय झाकलं जातं, हे दोन ओळींत लिहा. नाहीतर व्हायवात तो प्रश्न येणारच, आणि तेव्हा सुचत नाही.