आद्यत्वाच्या आड : बाळशास्त्री जांभेकरांचे इतिहासलेखन

बाळशास्त्री जांभेकर (१८१२–१८४६) यांचे नाव मराठी वाङ्मयेतिहासात ‘आद्य’ या विशेषणावाचून क्वचितच येते. ६ जानेवारी १८३२ रोजी निघालेले ‘दर्पण’ हे पहिले मराठी वृत्तपत्र, १८४० मधील ‘दिग्दर्शन’ हे पहिले मासिक, १८४५ मधील ज्ञानेश्वरीची पहिली मुद्रित आवृत्ती अशी ही परिचित मालिका आहे. या मालिकेने गौरव होतो, परंतु वाचन टळते. ज्याला केवळ आरंभबिंदू मानले जाते, त्याच्या लेखनाचा अन्वय लावण्याची गरज भासेनाशी होते. या उपेक्षेचा सर्वाधिक फटका त्यांच्यातील इतिहाससंशोधकाला बसला आहे.

जांभेकरांचे गाव पोंभुर्ले, आजच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातील देवगड तालुक्यातले. त्याच परिसरातील खारेपाटण येथे शिलाहार राजा रट्टराजाचा शके ९३० (इ. स. १००८) मधील ताम्रपट सापडला. त्याचे पहिले वाचन जांभेकरांनी मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकाच्या पहिल्या खंडात प्रसिद्ध केले. दक्षिण कोकणातील शिलाहारांची सणफुल्लापासूनची वंशावळ या ताम्रपटामुळे उपलब्ध झाली. राष्ट्रकूटांची सत्ता लयास जाऊन चालुक्यांचे आधिपत्य आल्यानंतरही हा मांडलिक राजा राष्ट्रकूटांची वंशावळ सविस्तर नोंदवतो. पुढे कीलहॉर्न यांनी या ताम्रपटाचे पुनःसंपादन केले. दक्षिण कोकणाचा प्राचीन इतिहास लिहिणाऱ्यास आजही त्याकडे वळावेच लागते.

वृत्तपत्रकार आणि ताम्रपटवाचक या दोन भूमिका वरवर पाहता परस्परांपासून दूरच्या वाटतात. वस्तुतः त्यांची ज्ञानदृष्टी एकच आहे. दानपत्र म्हणजे कोणी, कोणास, केव्हा व काय दिले याची सार्वजनिक नोंद. आख्यायिकेच्या जागी नोंदीला प्रमाण मानणे हीच वृत्तपत्राचीही पूर्वअट होय. परंपरेने सांगितलेल्या भूतकाळाला लिखित पुराव्याच्या कसोटीस लावणारा आणि वर्तमानाला छापील स्तंभात चर्चेसाठी मांडणारा लेखक एकच असावा, हा योगायोग नव्हे. ज्ञानेश्वरीचे मुद्रणही याच दृष्टीतून समजून घेता येते : पोथीतील पूज्य ग्रंथ तेथे वाचनीय संहिता होतो.

तथापि या एकात्मतेत एक भेग आहे, आणि तिच्याकडे डोळेझाक करणे चिकित्सेला शोभणारे नाही. ‘दर्पण’ मराठी आणि इंग्रजी अशा दोन स्तंभांत छापले जाई. शासक आणि शासित या दोघांनाही एकाच पृष्ठावर आणण्याचा तो प्रयत्न होता. संशोधनात मात्र दुसरा स्तंभ गळून पडतो. खारेपाटणचा शोध इंग्रजीतून विद्वत्सभेपुढे गेला. मराठी वाचकाच्या वाट्यास ‘हिंदुस्थानचा इतिहास’ आणि ‘इंग्लंड देशाची बखर’ ही पाठ्यपुस्तके आली. ज्याच्या भूमीतून साधन निघाले, त्याला तयार निष्कर्ष मिळाले; साधनचिकित्सा परभाषेत राहिली. इंग्लंडच्या इतिहासास ‘बखर’ हे नाव मिळावे, यातही नव्या आशयाला जुन्या वाङ्मयप्रकाराचा आधार घ्यावा लागल्याची खूण दिसते.

हा दोष व्यक्तीचा मानणे अन्यायकारक ठरेल. एल्फिन्स्टन संस्थेत अध्यापन करणाऱ्या जांभेकरांपुढे मराठीत पुराभिलेखाची परिभाषा नव्हती, त्या विषयाचा वाचकवर्गही नव्हता. वासाहतिक ज्ञानव्यवहाराने प्रत्येक भाषेचे काम आधीच ठरवून दिले होते. ही वाटणी पुढे मोडली ती राजवाडे, खरे यांच्या पिढीने मराठीतून साधने छापून. पण त्यांचा भर मराठेशाहीवर राहिला.

६ जानेवारीस महाराष्ट्रात पत्रकार दिन पाळला जातो. त्या दिवशी ‘दर्पण’काराचे स्मरण होते, खारेपाटणचे होत नाही. जांभेकरांना त्यांच्या समग्रतेत वाचायचे तर ‘आद्य’ हे विशेषण काही काळ बाजूस ठेवावे लागेल. त्यांनी आरंभ केला एवढेच सांगून भागत नाही. त्यांच्या आरंभातच स्थानिक इतिहास आणि स्थानिक भाषा यांची फारकत कशी झाली, हेही सांगितले पाहिजे.