‘व्हायोलिन काय गायलं!’ आणि जोगांचा उजवा हात

व्हायोलिनवादकाला मैफलीनंतर मिळणारी शाबासकी ठरलेली असते: ‘वा, काय गायलात!’ वाजवणाऱ्याला ‘गायलात’ म्हणायचं आणि त्यानंही खूश व्हायचं. माझ्या प्रबंधाचं एक प्रकरण या एका वाक्यावरच आहे. आज त्यातला एक तुकडा सोप्या भाषेत सांगतो, कारण पं. वि. गो. जोग यांच्यापाशी हे वाक्य अडतं.

आधी हे वाक्य आलं कुठून ते पाहू. हिंदुस्थानी वादक मांडी घालून बसतो आणि व्हायोलिनचं टोक पावलावर टेकवतो. वाद्य सांभाळायचं काम डाव्या हाताकडे उरत नाही, त्यामुळे बोट तारेवर मोकळेपणानं घसरतं आणि मींड गळ्यासारखी येते. शिवाय १९४० ते १९७१ या काळात आकाशवाणीवर हार्मोनियमला बंदी होती. गायकामागे सारंगी किंवा व्हायोलिन हवंच होतं. साथीला बसलेल्या वादकाचं काम काय? गायक जाईल तिकडे जाणं. म्हणजे ‘गाण्यासारखं वाजव’ ही नुसती आवड नव्हती, ती नोकरीची अट होती म्हणा ना!

या वाटेनं फार मोठं काम झालं, हे मान्यच आहे. दा. के. दातारांवर द. वि. पलुसकरांच्या गाण्याचा संस्कार होता. एन. राजम ओंकारनाथ ठाकुरांकडे शिकल्या. दोघांचं वाजवणं ऐकताना एका लांब गजात अख्खी ओळ येते, आणि गायकानं श्वास घ्यावा तिथेच गज वळतो. इथे ‘गायलात’ हा शब्द अगदी बरोबर बसतो.

आता जोग. जन्म १९२२चा, मुंबईचा. ते श्रीकृष्ण रातंजनकरांकडे शिकले, म्हणजे बंदिशीचं शिस्तशीर गाणं. आणि अल्लाउद्दीन खाँसाहेबांकडेही शिकले, म्हणजे सरोदिया गुरू, मिजराब-जव्याच्या बोलांची दुनिया. पुढे आकाशवाणीची नोकरी, कोलकात्यात मुक्काम, १९८३ साली पद्मभूषण, आणि २००४ साली कोलकात्यातच निधन. त्यांच्यावर लिहिणारे बहुतेक जण ‘गायकी आणि तंतकारीचा संगम’ एवढं म्हणून पुढे जातात. मीही पहिल्या मसुद्यात तेच लिहिलं होतं. पण संगम म्हणजे ऐकायला नक्की काय येतं?

याचं उत्तर मला ग्रंथालयात नाही, जिवतीकडे सापडलं. चंद्रपूर जिल्ह्याच्या या कोपऱ्यात गोंडांच्या देवांच्या, कुळांच्या कथा प्रधान मंडळी किंगरीवर सांगतात. किंगरी तीन तारांची, तीही गजानंच वाजते. एका किंगरीवाल्या आजोबांना मोबाईलवर जोगांचा व्हिडिओ दाखवला. मी डावा हात बघत होतो, सगळे अभ्यासक बघतात तसा. आजोबा म्हणाले, ‘उजवा हात पाय ना गा, कसा तुकडे तुकडे चालते.’

त्यानंतर मी त्याच ध्वनिमुद्रणांकडे परत गेलो. द्रुत गतीत जोगांचा गज श्वासासारखा वळत नाही, तो तबल्याच्या बोलासारखा पडतो. एकाच स्वरावर गज दोनदा-तीनदा आघात करतो, मात्रा फोडतो, समेच्या आधी अडवून धरतो. गळ्याला हे सहज जमणारं नाही, हे गजाचंच काम. बिस्मिल्ला खाँसाहेबांबरोबरच्या जुगलबंद्या ऐका. शहनाईचा दमसास मोठा. त्या लांबीत तिच्याशी स्पर्धा करण्यापेक्षा जोग लयीत उत्तर देतात. दोन वाद्यं एकमेकांची नक्कल न करता बोलतात, म्हणून ती जुगलबंदी टिकली.

पण कौतुकाच्या भरात एक उणेही सांगायला हवं. हीच सवय जोगांच्या विलंबित वाजवण्यात कधी कधी आड येते असं मला वाटतं. राग उलगडत असतानाच गजाला लयीची घाई होते, आणि एखादा स्वर अजून थांबला असता तर बरं, असं वाटून जातं. सवाल-जवाबावर टाळ्या पक्क्या असतात. त्यांची ओढ त्यांनाही होती असं ऐकताना जाणवतं. दातारांकडे हा थांबा आहे. दोघांना एकाच मापानं मोजलं तर जोग ‘कमी गाणारे’ ठरतात आणि दातार ‘कमी लयदार’. दोन्ही निकाल चुकीचे.

एवढा खल कशासाठी? कारण ‘गातं’ एवढाच निकष ठेवला की वाद्य कायम गळ्याची सावली राहतं. आमच्याकडच्या किंगरीचंही तेच झालंय. कथा नोंदवणारे शब्द लिहून नेतात, आणि वाजवण्यापुढे ‘साथ’ एवढा एक शब्द टाकतात. मीच माझ्या पहिल्या नोंदवहीत तसं केलं होतं. आजोबांच्या उजव्या हाताबद्दल त्यात एक ओळही नाही. आता परत जिवतीला जायचं आहे, या वेळी फक्त गज बघायला.

तुम्हीही एक करा. जोगांचं कुठलंही द्रुत लावा आणि पाच मिनिटं स्वर सोडून फक्त गज कुठे वळतो ते ऐका. मग मैफलीनंतर काय म्हणायचं, ते तुमचं तुम्ही ठरवा.