ऐतिहासिक दालने आणि अस्सलपणाचा प्रश्न

वस्तुसंग्रहालयात एखादे ऐतिहासिक दालन संपूर्ण मांडलेले पाहताना आपण भूतकाळात प्रवेश केला, असे प्रेक्षकास वाटते. या प्रतीतीस पुराव्याचे मोल कितपत द्यावे, हा अभ्यासकापुढील खरा प्रश्न होय. त्यासाठी ‘अस्सलपणा’ या एका शब्दात सामावलेल्या द्रव्य, काल आणि स्थळ या तीन बाजू वेगळ्या कराव्या लागतात.

न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयातील दमास्कसचे दालन याचे उत्तम उदाहरण आहे. त्यावर हिजरी १११९, म्हणजे इ. स. १७०७ हे वर्ष कोरलेले असून बहुतांश लाकूडकामही त्याच काळातील आहे. तथापि दमास्कसमधील धनिक आपल्या बैठकीच्या दालनांचे वेळोवेळी नूतनीकरण करीत. या दालनातही पुढील काळातील भाग आहेत. वेळोवेळी दिलेले रोगणाचे थर काळवंडल्याने मूळचे तेजस्वी रंग झाकले गेले आहेत. मग या दालनाचा ‘काळ’ कोणता मानावा? रोगण काढल्यास १७०७ जवळ येईल. परंतु त्या घरात नांदलेल्या पुढील पिढ्यांची साक्ष पुसली जाईल. प्रत्येक कालखंडाच्या रास्त भरीचा आदर करावा, असे १९६४ ची व्हेनिसची सनद सांगते, ती याचसाठी.

तीच सनद वास्तूला तिच्या परिसरापासून अभेद्य मानते. या कसोटीवर स्थलांतरित दालन सदोषच ठरते. मात्र स्थलांतराअभावी पुष्कळदा काहीच उरले नसते, हेही विसरता येत नाही. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयातील मस्तानी महाल कोथरूड येथील वाड्याच्या अवशेषांतून उभा राहिला. तेथील कोरीव काष्ठ शिल्पशैलीची साक्ष देऊ शकते. मस्तानीच्या नित्य जीवनाची साक्ष केवळ त्यावरून काढता येणार नाही. नावाचे वलय पुराव्याची जागा घेऊ लागले, की इतिहासाचे आख्यान होते.

म्हणून दोष पुनर्रचनेत नसून तिच्याविषयीच्या मौनात आहे. कोणता भाग मूळचा, कोणता नंतरचा आणि कोणता अनुमानाचा, हे दालनातच स्पष्ट सांगितले पाहिजे. त्याने प्रेक्षकाची मोहिनी किंचित ओसरेल. पण अभ्यासकास पाय रोवण्यापुरती भूमी लाभेल.