भेटीचे सैन्य आणि देणाऱ्याचे विस्मरण : व्यूहरचनेच्या संगणक-खेळांतील मित्र-राज्ये

प्रास्ताविक

व्यूहरचनेचे संगणक-खेळ हे केवळ करमणुकीचे साधन मानून बाजूला सारण्याजोगे राहिलेले नाहीत. राज्य, तह, मांडलिकत्व आणि सैन्य या संकल्पनांचा एक आराखडा हे खेळ खेळणाऱ्याच्या मनात नकळत उभा करीत असतात. म्हणूनच ऐतिहासिक कादंबरीची जशी चिकित्सा होते तशी त्यांचीही होणे अगत्याचे आहे. प्रस्तुत लेखात अशा खेळांतील एकाच योजनेचा विचार केला आहे. ती योजना म्हणजे लहान मित्र-राज्याने मोठ्या सत्तेला खास सैन्यतुकडी भेट देणे. ही कल्पना कुलाब्याच्या आंग्र्यांच्या इतिहासाशी ताडून पाहिली असता तिचे बळ आणि तिची उणीव दोन्ही स्पष्ट होतात.

खेळांतील योजना

‘सिव्हिलायझेशन ५’ (२०१०) या खेळात मोठ्या सत्तांबरोबर काही लहान नगरराज्येही असतात. त्यांपैकी काबूल, हनोई, बेलग्रेड ही लष्करी वृत्तीची गणली जातात. खेळाडूने सोने देऊन अथवा त्यांची कामे पार पाडून त्यांच्यावर प्रभाव मिळवावयाचा असतो. प्रभावाचे ३० गुण झाले की मैत्री होते. ६० गुण झाले आणि ते अन्य सर्व प्रतिस्पर्ध्यांहून अधिक असले की ते राज्य सहयोगी बनते. या खेळाच्या पुढील विस्तारांत अशा प्रत्येक लष्करी नगरराज्याला एक खास तुकडी बहाल केलेली आहे. ही तुकडी त्या डावात नसलेल्या एखाद्या मोठ्या संस्कृतीची असते आणि ती सहयोगी सत्तेला भेट मिळते.

या रचनेत एक मार्मिक जाण आहे. प्रभाव दर फेरीगणिक घटत जातो. मैत्री एकदा संपादन केली म्हणजे कायमची झाली असे होत नाही, ती सतत जोपासावी लागते. लहान राज्याला दोन मोठ्या सत्तांपैकी एकीची निवड करता येते, हेही येथे गृहीत धरलेले आहे.

तथापि भेटीच्या क्षणी ही जाण लोप पावते. तुकडी देऊन नगरराज्याचे काहीही उणे होत नाही. दिलेली तुकडी पूर्णतः घेणाऱ्याची होते. मैत्री तुटली तरी ती परत जात नाही आणि जिने ती दिली त्या नगरावरही ती निःशंकपणे चालून जाऊ शकते. शिवाय तुकडीचा त्या नगराशी संबंधच नसतो. हनोईने कोणत्या देशाचे योद्धे द्यावेत हे दैवयोगावर अवलंबून राहते.

‘एज ऑफ एम्पायर्स ३’ च्या ‘द एशियन डायनॅस्टीज’ (२००७) या विस्तारात तुकडीला स्थान आहे, पण ते विलक्षण आहे. भक्तिपंथीयांच्या मंदिराशी व्यापारी ठाणे उभारले की खेळाडूला वाघनखे धारण केलेले योद्धे उभे करता येतात. भक्तिसंप्रदाय आणि वाघनखे ही दोन्ही नावे मराठी वाचकाच्या निकट परिचयाची. मात्र त्यांची ही सांगड त्याला आपल्या इतिहासात कोठेही आढळणार नाही.

आंग्र्यांचे आरमार

आता आपल्याच परिसरातील उदाहरण घेऊ. पनवेल ज्या जुन्या कुलाबा जिल्ह्यात मोडत असे, त्याच्या किनाऱ्यावर कान्होजी आंग्रे यांची सत्ता होती. शाहू आणि ताराबाई यांच्या संघर्षात कान्होजी प्रथम ताराबाईंच्या पक्षात होते. बाळाजी विश्वनाथ यांच्या शिष्टाईने १७१३-१४ च्या सुमारास ते शाहूंच्या पक्षात आले. सरखेलपद आणि किनाऱ्यावरील किल्ले त्यांच्याकडे राहिले. खेळाच्या भाषेत सांगावयाचे तर एका सहयोगी राज्याने आपला पक्ष बदलला आणि शाहूंना गुराबा-गलबतांचे आरमार लाभले.

येथे भेट आणि भूमी यांची फारकत मात्र करता येत नाही. उथळ खाड्यांत शिरू शकणारी ही जहाजे, ती बांधणारे व हाकणारे दर्यावर्दी आणि त्यांना आसरा देणारे जलदुर्ग ही एकच व्यवस्था होती. तिचा सांभाळही दुतर्फा होता. १७२१ साली इंग्रज व पोर्तुगीज यांनी मिळून कुलाब्यावर स्वारी केली तेव्हा साताऱ्याकडून घोडदळाची कुमक आली आणि ती स्वारी फसली.

या व्यवस्थेचा शेवट अधिक बोलका आहे. तुळाजी आंग्रे पेशव्यांना जुमानेनात तेव्हा नानासाहेब पेशव्यांनी मुंबईकर इंग्रजांशी १७५५ मध्ये करार केला. फेब्रुवारी १७५६ मध्ये वॉटसन व क्लाइव्ह यांच्या मोहिमेत विजयदुर्गाच्या बंदरात तुळाजींचे आरमार जळून खाक झाले. खेळात सहयोगी दुरावला तरी त्याने दिलेली तुकडी हाती राहते. येथे सहयोग संपला आणि त्याबरोबर बळही संपले. पुढे पेशव्यांचे आरमार विजयदुर्गाहून चालत राहिले, पण कान्होजींच्या काळातील दबदबा त्याला पुन्हा लाभला नाही.

याच कथेचे उलटे टोक म्हणजे तैनाती फौज. ३१ डिसेंबर १८०२ च्या वसईच्या तहाने दुसऱ्या बाजीरावाने किमान ६,००० पायदळ आपल्या राज्यात ठेवून घेण्याचे कबूल केले आणि त्याच्या खर्चासाठी २६ लक्ष रुपये उत्पन्नाचा मुलूख तोडून दिला. येथे सैन्य मोठ्या सत्तेकडून लहानीकडे आले. खर्च कोणाचा, हुकूम कोणाचा आणि निष्ठा कोणाशी, हे तीन प्रश्न या तहाच्या मुळाशी होते. भेटीच्या प्रसंगी खेळ नेमके हेच तीन प्रश्न विचारीत नाही. ‘सिव्हिलायझेशन ६’ (२०१६) मध्ये नगरराज्याचे सैन्य सोने मोजून ठराविक मुदतीपुरते हाताखाली घेता येते व मुदतीनंतर ते परत जाते. एवढ्यापुरता हा उत्तराधिकारी खेळ इतिहासाच्या अधिक जवळ गेला आहे.

समारोप

उपरोक्त दोष केवळ परदेशी खेळकर्त्यांचा आहे असे मानून मोकळे होता येणार नाही. आंग्र्यांचे आरमार हे मराठी राज्याचे एक ‘अंग’ होते असे आपणही सहज लिहितो. विजय मिळाला की ते आरमार मराठ्यांचे आणि बिनसले की तुळाजी बंडखोर, अशी आपली मांडणी असते. कुलाब्याला स्वतःचे हित होते, स्वतःची गणिते होती आणि पक्ष निवडण्याचा वाव होता, ही बाब तीत झाकोळते. हेही देणाऱ्याचे विस्मरणच होय. वर्गात या खेळांचा उल्लेख निघाला तर त्यांतील ऐतिहासिक चुका मोजण्यापेक्षा भेट देणाऱ्या नगराच्या बाजूने तोच डाव मांडून पाहण्यास विद्यार्थ्यांना सांगणे अधिक उपयुक्त ठरेल. मग १७५६ सालही सातारा-पुण्याहून न पाहता विजयदुर्गाच्या तटावरून पाहता येईल.